सहा नंबरची रिकामी कॉट

अँब्युलन्सचं मागचं दार हेलेदनं उघडलं, तेव्हा आतला तरुण अँब्युलन्सवाला आपल्या म्हाताऱ्या पेशंटला सूप भरवत होता आणि दोघं मिळून शेजारच्या गावच्या रग्बी संघाला मनापासून शिव्या देत होते. बाहेर सकाळपासून झिमझिम लागलेली. इस्पितळाच्या दारात उभ्या असलेल्या सगळ्या अँब्युलन्स तपासत तिथवर येईस्तोवर हेलेदच्या केसांतलं पाणी मानेवर उतरलं होतं आणि पोटात अजून चहाचा घोट नव्हता.

"दार लावून घ्या सिस्टर, सूप गार होतंय," तो म्हणाला.

"इथं काय हॉटेल काढलंय?"

"मग करणार काय? न्याहारीच्या वेळी आलो, आता जेवणाची वेळ टळून गेली. तुमच्याकडं कॉट मिळेना, म्हणून आम्ही खानावळ टाकली. तुम्हाला वाढू थोडं?"

हेलेद त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली... आणि हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं नाव विचारलं, तर म्हणाला, "रोद्री. पण नुसतं रोद्री विचारलंत तर आमच्या गावात कुणी पत्ता सांगणार नाही. एक दूध घालतो तो रोद्री दूध, एक कौलं शाकारतो तो रोद्री कौलं. मला हल्ली रोद्री रांग म्हणतात."

म्हाताऱ्यानं तेवढ्यात मध्ये तोंड घातलं. "याचं लग्न व्हायचंय, पोरी," त्यानं सांगून टाकलं. रोद्रीनं पुढचा चमचा जरा घाईनंच त्याच्या तोंडात घातला.

वेल्सच्या किनाऱ्यावरचं ते इस्पितळ. वरच्या मजल्यावरचे वॉर्ड बऱ्या झालेल्या म्हाताऱ्यांनी भरलेले, कारण घरी त्यांचं करायला कुणी नाही. वॉर्ड हलत नाहीत म्हणून खाली कॅज्युअल्टीतल्या कॉट रिकाम्या होत नाहीत, आणि कॉट नाही म्हणून अँब्युलन्स पेशंटसकट दाराशी उभ्या. पेशंटला सिस्टरच्या हवाली केल्याशिवाय गाडीला हलता येत नाही, मग गावात कुणाचा जीव जात असला तरी. सगळ्यांना हे ठाऊक होतं. दर हिवाळ्यात त्यावर बैठका होत आणि रांग मात्र तेवढीच राही.

हेलेद दाराची सिस्टर होती. रांगेतल्या पेशंटना तपासायचं आणि कॉट मोकळी झाली की ज्याला जास्त गरज त्याला आधी आत घ्यायचं, हे तिचं काम. शिवाय आत जितक्या नर्स असायला हव्यात त्यातल्या निम्म्याच असल्या की आतलंही काम तिचंच. सकाळी अंगावर चढवलेला गणवेश रात्री उतरवेपर्यंत बसणं नाही. मधली सुट्टी होती, पण ती भिंतीवरच्या तक्त्यात.

या नोकरीत ती आली तेव्हा म्हाताऱ्या बायकांचे केस विंचरून द्यायची. तिकडच्या माणसांना आपला त्रास सांगायची लाज वाटते. पाय मोडलेला असला तरी म्हणतील, "माझं काही नाही गं, तू कामात आहेस, दुसऱ्यांचं बघ." असं म्हणणाऱ्यालाच सगळ्यात जास्त दुखत असतं हे तेव्हा तिला कळायचं. ती तिथं थांबायची, हात हातात घ्यायची. हल्ली मात्र "दुखतंय का?" विचारतानाच तिची पावलं पुढच्या कॉटकडे वळलेली असत, आणि कुणी "माझं काही नाही" म्हटलं की तिला बरंच वाटे. एक काम कमी झालं. रात्री अंथरुणावर पडल्यावर याचंच तिला वाईट वाटत राही, झोप लागेपर्यंत.

अशा दिवसांत रोद्री आला. रांग नसती तर तो पेशंट आत सोडून, सही घेऊन, चटकन निघून गेला असता. पण रांग होती, आणि रांगेत वेळच वेळ होता. हेलेद पेशंट तपासायला गाडीत चढली की तो तिच्यासाठी बिस्किट काढून ठेवायचा. ती रक्तदाब मोजत असताना तो आपलाही हात पुढं करायचा. "माझाही बघा. तुम्ही आलात की वाढतो." ती म्हणायची, "मग मी येत नाही, आपोआप उतरेल." पेशंट हसायचे. तासन् तास अडकून पडलेली माणसं ती, त्यांना तेवढीच करमणूक. एका आजीबाईंनी तर दोघांची वयं विचारून, बोटांवर काहीतरी मोजून, जोडा पसंत असल्याचं जाहीर करून टाकलं.

एकदा रोद्री म्हणाला, की इस्पितळाच्या साहेबांना एक फुलांचा गुच्छ पाठवला पाहिजे, त्यांनी कारभार नीट चालवला असता तर आपली ओळख झाली नसती. हेलेद हसली खरी, पण ते तिला लागलं. कारण हल्ली सकाळी बसमधून उतरताना तिची नजर आधी दारातल्या रांगेकडे जायची. रांग लांब दिसली की मन उचल खायचं... आणि मग लगेच शरम वाटायची. एकेका गाडीत एकेक माणूस कण्हत पडलेला, आणि आपण त्यात एकाचा चेहरा शोधतोय.

बाहेर भेटायचं तर तिच्यात त्राण कुठं उरायचं? सुट्टीचा दिवस झोपेत जायचा. नोव्हेंबरात एकदा जमलं. समुद्रकाठच्या बाकावर मासा आणि चिप्स घेऊन दोघं बसले, तो आपल्या आईच्या कोंबड्यांची काहीतरी गंमत सांगत होता आणि ती ऐकता ऐकता त्याच्या खांद्यावर गाढ झोपून गेली. जाग आली तेव्हा पाऊस पडत होता आणि रोद्री छत्री तिच्यावर धरून बसला होता. त्याची एक बाजू पार भिजली होती.

"उठवायचं नाही का मला?" ती ओशाळली.

"तुझे चिप्स पक्ष्यांनी पळवले. ते तुला कोण सांगणार, म्हणून म्हटलं झोपू दे."

त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर तिला कळलं की हा माणूस आता आपल्याला लागणार. रोजच्या रोज लागणार.

मग जानेवारी आला, आणि तापाची साथ. कॅज्युअल्टीत खुर्च्यांवर माणसं, बोळात स्ट्रेचरवर माणसं, आणि दाराशी रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत. त्याच महिन्याच्या शेवटाकडे द्विनवेन संतिणीचा सण येतो. प्रेमात पडलेल्यांची ती संतीण. तिच्या दिवशी मुलगा मुलीला स्वतः कोरलेला लाकडी चमचा देतो, निदान जुनी माणसं तसा देत. हल्ली सगळे दुकानातून आणतात. सणाच्या आधीच्या आठवड्यात रोद्रीच्या दोन बोटांना पट्ट्या दिसल्या. हेलेदनं विचारलं तर म्हणाला, कांदा चिरताना कापलं. दोन दिवसांनी तिसऱ्या बोटालाही पट्टी.

"एवढे कांदे कुणासाठी चिरतोस?" तिनं विचारलं.

"आहे एक. खाईल की नाही माहीत नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

सणाच्या दिवशी दुपारी रोद्रीची गाडी रांगेत सगळ्यात पुढं होती. आत मिसेस प्रिचर्ड होत्या. अंगणात घसरून कमरेचं हाड मोडलेल्या, पण वेदनांचं औषध पोटात गेल्यामुळं जरा रंगात आलेल्या. आत कॅज्युअल्टीत सहा नंबरच्या कॉटवरचा पेशंट एकदाचा वर गेला. सफाईवाल्या विलनं कॉट पुसली, चादर घातली आणि बादली उचलून हेलेदला मान डोलावली. ती लगेच बाहेर निघाली, मिसेस प्रिचर्डना आत घ्यायला. सकाळपासून तिनं पाठ टेकली नव्हती, पाणी प्यायली नव्हती, आणि थोड्याच वेळापूर्वी एका मुलाच्या आईनं तिला सगळ्यांसमोर निर्दय म्हटलं होतं. तेही खोटं नाही, असं तिला वाटत होतं.

तिनं गाडीचं दार उघडलं. रोद्रीची गाडीवरची जोडीदारीण बेका पाय मोकळे करायला खाली उतरली होती. रोद्रीच्या हातात वाफाळता चहा होता, तिच्यासाठीच ओतलेला. उद्यापासून त्याची सुट्टी होती, तो आईकडे जाणार होता. आत्ता "कॉट झाली" म्हटलं की स्ट्रेचर उतरणार, सही होणार, वायरलेसवर पुढचा कॉल येणार आणि हा जाणार.

"झाली का कॉट?" त्यानं विचारलं.

"अजून नाही," हेलेद म्हणाली. "होतेय."

किती सहज आलं ते तोंडातून. तिनं मिसेस प्रिचर्डकडे पाहिलं, दुखतंय का विचारलं. मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या, "माझं काही नाही गं पोरी, तुम्ही बोला. मी डोळे मिटून पडते." आणि खरंच त्यांनी डोळे मिटले. हेलेदनं ते खरं मानलं, कारण तिला ते खरं मानायचं होतं. ती बाकड्यावर बसली. पायांना काय सुख वाटलं ते तिचं तिलाच माहीत. चहा गोड होता. ती फक्त एक कप चहा पिणार होती, बस्स.

रोद्रीनं जॅकेटच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेला चमचा काढला. दांडा वाकडा, त्यावरचं बदाम एका बाजूला फुगलेलं, आणि एके ठिकाणी लाकडात मुरलेला रक्ताचा डाग.

"हा कांदा," तो म्हणाला.

"रोद्री..."

"थांब, मला बोलू दे, नाहीतर राहून जाईल. मला नीटसं बोलता येत नाही, पेशंटशी तेवढं येतं. तू त्या बाकावर झोपलीस ना, त्या दिवसापासून मला वाटतंय की तू रोज थोडी झोपावीस आणि मी शेजारी असावं. एवढंच. फार मोठं काही नाही मागत."

डोळे मिटलेल्या मिसेस प्रिचर्ड गालात हसत होत्या. हेलेद हो म्हणणारच होती, शब्द ओठांवर आला होता, तेवढ्यात वायरलेस खरखरला. कंट्रोल रूममधली बाई विचारत होती, गुरांच्या बाजारात एक माणूस कोसळलाय, तोंड वाकडं, बोलणं जडावलंय, इस्पितळाजवळ कुणी मोकळं आहे का? तिनं पुन्हा विचारलं. रांगेतल्या सगळ्या गाड्यांत तोच आवाज घुमला आणि कुणीच उत्तर दिलं नाही. गुरांचा बाजार इस्पितळाच्या मागच्याच रस्त्यावर होता.

हेलेद ताडकन उठली. "कॉट झालीय," ती म्हणाली. "चला, चला." पण मोडलेल्या कमरेचं माणूस असं झटकन हलवता येत नाही. स्ट्रेचर उतरवलं, आत नेलं, चौघांनी मिळून कॉटवर घेतलं, आणि तोवर डोंगरापलीकडच्या गावातून दुसरी गाडी निघालीदेखील होती. बाजारातल्या लोकांना कंट्रोल रूमनं सांगितलं होतं, त्याला हलवू नका, गाडी येतेय. ते बिचारे थांबले.

ती गाडी आली तेव्हा हेलेदच दारात होती. स्ट्रेचरवर एल्वेद पॅरी होता. मेंढ्यांचा लिलाव पुकारणारा एल्वेद. बापाचं बोट धरून ती बाजारात जायची तेव्हापासून तिनं त्याचा आवाज ऐकला होता, श्वास न घेता भाव चढवत नेणारा. साऱ्या मुलखात त्याची नक्कल न करणारं पोर नव्हतं. त्यानं हेलेदला ओळखलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसताच आवाज आला. मग त्याचे डोळे भरले. ती त्याचा हात धरून उभी राहिली, आत तिला हाका पडत होत्या तरीही.

डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल. बोलणं परत येईल असं वाटत नाही. थोडा आधी आला असता तर कदाचित... पण तेही नक्की सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. हेलेदनं 'थोडा आधी आला असता तर' एवढंच ऐकलं.

नंतर चौकशी झाली. त्या दिवशी किती गाड्या किती वेळ उभ्या होत्या त्याचा हिशेब निघाला. दिवसभराच्या त्या एवढ्या उशिरात एक कप चहाचा वेळ कुणाला दिसणार? हेलेदनं स्वतःच जाऊन मुख्य सिस्टर मेनिरला सांगितलं. मेनिरनं दार लावून घेतलं. थकलेल्या आवाजात ती म्हणाली, "ती तुझी सुट्टी होती. मी तुला द्यायला हवी होती, दुपारीच. महिनाभर मी कुणालाच दिलेली नाही. आता याला चूक म्हणून लिहू तर कुणाच्या नावावर लिहू?" हेलेदला वाटलं होतं, कुणीतरी आपल्याला बोलेल. कुणी बोललं नाही, आणि ते जास्त जड गेलं.

रोद्री सुट्टीवरून परतला तो थेट तिला भेटायला आला. समुद्रकाठी त्याच्या स्वतःच्या मोटारीत दोघं बसली. ऊन पडलं होतं, हिवाळ्यात पडतं तसं, नुसतं उजेडापुरतं. तो उत्तराची वाट पाहतोय हे तिला दिसत होतं. तिला नुसतं हो म्हणता आलं असतं. त्याला काहीच कळलं नसतं. रात्रभर तिनं हाच विचार केला होता, की न सांगता लग्न केलं तर तो रोज सकाळी चहा आणून देईल आणि आपण तो पिऊ.

"मला तुझ्याशी लग्न करायचंय," ती म्हणाली. "आधी हे ऐक, कारण नंतर तुला मी नको होईन." आणि मग तिनं सगळं सांगितलं. विलनं मान डोलावली ते, आणि आपण "अजून नाही" म्हणालो ते.

रोद्री समोरच्या पाण्याकडे पाहत राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मला दिसलं होतं, हेलेद. गाडीच्या खिडकीतून, कॅज्युअल्टीच्या काचेच्या दारापलीकडचं. विल बादली घेऊन बाहेर आला, चादर घातलेली होती. मी रोज त्या दारासमोर उभा असतो, कुठली कॉट कधी मोकळी होते ते मला सांगावं लागत नाही. तू 'अजून नाही' म्हणालीस, आणि मला..." त्याचा आवाज फुटला. "मला इतका आनंद झाला. हिला माझ्यापाशी बसायचंय, म्हणून खोटं बोलली. मी मनात म्हटलं, गप्प बस रोद्री, नशीब उघडलंय तुझं."

तो रागावेल याची तयारी तिनं केली होती. तो माफ करेल, याचीही केली होती. हे मात्र तिच्या मनातही आलं नव्हतं. ती त्याचा हात शोधत होती आणि तो सापडल्यावर दोघांनाही तो धरवेना.

मग तो बोलू लागला. म्हणाला, आपण बारा तास राबतो, एक चहा प्यायला तर त्यात एवढा गुन्हा काय? रांग आपण लावली का? वॉर्ड आपण भरले का? सगळं खरं होतं आणि तो ते स्वतःलाच समजावत होता. शेवटी म्हणाला, "एकट्यानं वाहण्यापेक्षा दोघं वाहू. वाटून घेऊ. हलकं होईल."

"होईल," ती म्हणाली. "तेच मला नकोय. एल्वेदचं हलकं होणार नाही, आणि आपण दोघं एकमेकांना समजावून समजावून एक दिवस ते विसरून जाऊ. मला विसरायची भीती वाटते रे. आधीच मी खूप काही विसरलेय त्या दारात."

रोद्रीला हे पटलं नाही. पण त्यानं वाद घातला नाही. आपलं प्रेम आहे, याबद्दल दोघांपैकी कुणालाच शंका नव्हती. तेवढंच सुख म्हणायचं, आणि तेच सगळ्यात जास्त दुखत होतं. उत्तरेकडच्या अँब्युलन्सच्या ठाण्यावर माणसं हवी आहेत, असं तो जरा वेळानं म्हणाला. हेलेद म्हणाली, तिकडं डोंगर छान आहेत.

बसथांब्यापाशी त्यानं गाडी उभी केली. तिची ड्यूटी सुरू व्हायची होती. ती उतरली, दार लावलं, आणि काचेतून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिनं "थांब" म्हटलं असतं तर तो थांबला असता, जन्मभर. त्यानं म्हटलं असतं तर तीही थांबली असती. पण एकमेकांना अडवून ठेवायची दोघांनाही आता धास्ती बसली होती. हेलेदनं हात हलवला. रोद्रीनं गाडी लगेच काढली.